बोअरचं जड पाणी आणि घरातली ओल: आधी सॉफ्टनर घ्यावा का डिह्युमिडिफायर?

पाचगावरोड_रोहाऊस
९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत आम्ही पाचगाव रोडच्या बाजूला रो हाऊस घेतलं, त्याआधी बारा वर्षं मंगळवार पेठेत भाड्यानं होतो. तिथं नळाचं पाणी होतं त्यामुळं जड पाणी म्हणजे काय हे कधी कळलंच नाही. इथं नळाचं पाणी प्यायला आणि सैपाकाला ठेवतो आणि आंघोळ, कपडे, भांडी, फरशी सगळं बोअरवर. आठ महिन्यांत शॉवरची निम्मी भोकं बुजली, नळाच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी काढून खरवडाव्या लागतात, बादल्यांना पांढरी कड धरलीय, साबणाला फेस येत नाही आणि अंगावर कायतरी चिकट राहिल्यासारखं वाटतंय. एकदा चुकून तूरडाळ बोअरच्या पाण्यात लावली तर सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणक ती टणकच.

आता पाऊस लागल्यापासनं दुसरं सुरू झालंय. आईच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला खालपासून तीन-साडेतीन फूट ओल आलीय, रंगाचे पापुद्रे सुटायलेत, कपाटामागं काळी बुरशी, आणि दार उघडलं की कुबट वास. कोल्हापुरी पायताण आठ दिवस घातलं नाही तर त्यावर हिरवट लव येते. आईला दमा आहे, गेल्या महिन्यात दोनदा रात्री उठून दम्याचं वाफेचं मशिन (नेब्युलायझर) लावावं लागलं. मला खरंच काळजी लागलीय.

एकजण घरी येऊन बघून गेला, त्यानं अख्ख्या घराला सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) ४२ हजार आणि खोलीला डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं मशिन) १८ हजार सांगितलं. एकदम दोन्ही परवडत नाही. आधी काय घेऊ? इथं कुणी दोन्ही वापरलं असेल तर सांगा.

शिरोली_बॉयलर
९ जुलै, रात्री ११:२५

दादा आधी काहीच घेऊ नका, थांबा. मी एमआयडीसीत सोळा वर्षं बॉयलरवर आहे, पाणी जड आहे का मऊ हे बघितल्याशिवाय आमच्याकडं शिफ्टच सुरू होत नाही. त्या माणसानं तुमच्या पाण्याची हार्डनेस किती सांगितली? का टीडीएसचं पेन बुडवून आकडा दाखवला आणि गेला?

टीडीएस आणि हार्डनेस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथंच बहुतेक लोक फसतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, मीठ सोडा सगळं धरून. हार्डनेस म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, जे नळाला थर धरतं आणि साबण फाडतं. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी होत नाही हे पण डोक्यात ठेवा, कारण तो कॅल्शियम धरतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, काढून काही टाकत नाही. बसवल्यावर टीडीएसचं पेन घालून बघाल तर आकडा तेवढाच येईल.

हार्डनेस मोजायचं थेंबांचं किट मिळतं, तीन-चारशे रुपयाला. नमुना घ्यायचा, पावडर टाकली की पाणी दारूसारखं लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतला थेंब एकेक मोजत टाकायचा, लालाचं स्वच्छ निळं व्हायला किती थेंब लागले त्यावरनं तुमचा आकडा निघतो. पोरगं पण करू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. तुम्ही त्यात कुठं बसता हे आधी कळू दे.

बंबाची_काकू
१० जुलै, सकाळी ७:१०

बाळा तुझ्या आईची आधी खोली बदल. ओल निघायला वेळ लागेल, तोवर तिला त्या खोलीत झोपवू नकोस. बाकीचं माणसं सांगतीलच.

पाण्याचं म्हणशील तर आमच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे, पूर्वी विहिरीचं पाणी असायचं. बंबाच्या आत इतका जाड थर धरायचा की चिपाडं दुप्पट लागायची तरी पाणी कोमटच. वर्षातनं दोनदा सासूबाई चिंच नाहीतर लिंबाचं पाणी भरून रात्रभर ठेवायच्या, सकाळी काठी फिरवली की पापुद्रे सुटून यायचे. शॉवरला तेच कर, प्लास्टिकच्या पिशवीत लिंबूसत्वाचं गरम पाणी घालून शॉवरच्या तोंडाला बांध, दोन तासात भोकं मोकळी. ॲसिड वापरू नकोस, ते फरशीच्या फटी खातं आणि नळाचं पॉलिश पण जातं.

आणि डाळीला चिमूटभर सोडा घालतात पण त्यापेक्षा नळाच्या पाण्यातच लाव, सोड्यानं चव जाते.

शिरोली_बॉयलर
१० जुलै, सकाळी ७:४०

काकूंचं शंभर टक्के बरोबर. ॲसिडबद्दल एक जादा सांगतो, बाथरूमला ॲसिड मारलं आणि त्यावर ब्लिचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतणारं आहे आणि ज्या घरात दम्याचा माणूस आहे तिथं तर दोन्ही बाटल्या एका कपाटात पण ठेवू नयेत.

साईटवरचा_सिव्हिल
१० जुलै, दुपारी १:०५

मी बांधकामातला आहे, मला पाण्यापेक्षा त्या भिंतीत जास्त इंटरेस्ट आहे. डिह्युमिडिफायर हवेतलं पाणी काढतो. भिंतीत पाणी कुठनं तरी येत असेल तर तो रात्रंदिवस चालेल, टाकी भरत राहील, तुम्ही ओतत राहाल आणि भिंत ओलीच राहील. म्हणून पहिला प्रश्न असा की पाणी हवेतनं भिंतीवर बसायलंय का भिंतीतनं बाहेर यायलंय.

ह्याला साधी परीक्षा आहे. पापुद्रे खरवडून भिंत कपड्यानं पुसा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या, दुधाची मोठी पिशवी कापली तरी चालेल, आणि चारी बाजूनं चिकटपट्टीनं भिंतीला हवाबंद चिकटवा. दोन दिवस हात लावू नका. मग बघा, कागदाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडच्या अंगाला दव असेल तर हवेतला दमटपणा. आतल्या, भिंतीकडच्या अंगाला थेंब असतील तर भिंतीत पाणी आहे. एक कागद खाली लावा, एक छातीच्या उंचीला, एक पार वर छताजवळ. कुठला जास्त ओला होतोय त्यावरनं पाणी वरनं यायलंय का खालनं का मधूनच ते कळतं.

त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे?

पाचगावरोड_रोहाऊस
१० जुलै, रात्री ९:५०

आईला आज हॉलमध्ये झोपवलंय काकू. किट मागवलं. भिंतीच्या पलीकडं अर्ध्या भागात बाहेरची मोकळी जागा आणि अर्ध्या भागात बाथरूम आहे. मी पावसाचं पाणी मुरतंय असंच धरून चाललो होतो कारण पाऊस पण तिकडूनच झोडपतो. कागद उद्या सकाळी लावतो.

पेठेतला_वाडा
१० जुलै, रात्री १०:३५

आमचा शिवाजी पेठेतला जुना वाडा, खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या भिंती. आमच्या वडिलांनी ओल दिसू नये म्हणून खालच्या चार फुटाला सिमेंटचा गिलावा केला आणि वर प्लास्टिक पेंट मारला. दोन पावसाळे बरं दिसलं, तिसऱ्याला ओल सिमेंटच्या वर पाच फुटाला निघाली. भिंतीला बाहेर श्वास सोडायला जागाच राहिली नाही, मग ती वर चढत गेली आणि जिथं वाट मिळाली तिथं फुटली, शिवाय लोणा लागून गिलावा भुगा होऊन पडायला लागला.

२०२२ ला आम्ही सगळं सिमेंट उतरवलं आणि चुन्याचा गिलावा करून चुन्याचीच सफेदी दिली. करणारा गवंडी शोधायला तीन महिने गेले, आता ते काम येणारी माणसंच कमी झालीत. ओल पूर्ण गेली असं म्हणणार नाही, जमिनीतनं येतेच, पण ती येते आणि वाळते, बुरशी धरत नाही. तुमचं घर नवीन आहे त्यामुळं हे जसंच्या तसं लागू नाही पण एवढंच सांगतो, ओल असताना वरनं वॉटरप्रूफ रंग मारून ती झाकू नका.

दुधाळी_पूरगल्ली
१० जुलै, रात्री ११:१५

वरच्याला पूर्ण सहमत. आमच्याकडं तर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पुराचे आकडे लहान पोरांनापण पाठ आहेत. २०१९ ला तळमजल्यात पाणी होतं, उतरल्यावर अडीच महिन्यात दिवाळी होती म्हणून आम्ही घाईनं पुट्टी मारून रंग दिला. फेब्रुवारीपर्यंत सगळा रंग फुगून पडला, पैसे पाण्यात. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आम्ही शहाणपणा केला, खालचा गिलावा खरवडून भिंत उघडीच ठेवली, ऐन सणात पण तशीच, पाहुणे काय म्हणतील ते म्हणू दे म्हटलं. दारं-खिडक्या उघडून पंखे लावून मार्चपर्यंत थांबलो, प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा आम्हाला पण एका इंजिनिअरनंच सांगितली होती, कागद कोरडा निघाला तेव्हाच रंग दिला. तो रंग अजून टिकलाय.

भिंत वाळायला महिने लागतात. मशिन लावून आठ दिवसात वाळवतो म्हणणाऱ्याला विचारा, गॅरंटी लिहून देणार का.

रुईकर_आई
११ जुलै, दुपारी ३:२०

धागा वाचतेय, माझा पण प्रश्न ह्यातच बसतो म्हणून विचारते. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या बाळाचं नाक कोरडं पडायचं, डॉक्टर म्हणाले हवेत ओलावा ठेवा, म्हणून वाफेसारखं धुकं सोडणारा छोटा ह्युमिडिफायर घेतला. थोड्या दिवसांनी टीव्हीवर, काळ्या टेबलावर, बाळाच्या पाळण्याच्या दांड्यावर पांढरी पिठासारखी धूळ बसायला लागली. पुसली की परत. सोसायटीचं पाणी बोअर मिक्स आहे. ते बाळाच्या नाकात जात असेल का? मी घाबरून बंदच केला.

शिरोली_बॉयलर
११ जुलै, दुपारी ४:००

बंद केला ते बरं केलं ताई. ते मशिन पाणी उकळत नाही, कंपनानं पाण्याचे बारीक कण करून हवेत उडवतं. त्यामुळं पाण्यात जे काही विरघळलेलं आहे ते सगळं कणाबरोबर उडतं, पाणी हवेत वाळून जातं आणि क्षार खाली बसतात. ती धूळ म्हणजे तुमच्या बोअरचाच चुना. त्यात डिस्टिल्ड नाहीतर आरओचं पाणी घातलं की धूळ जवळजवळ थांबते. आणि टाकी रोज रिकामी करून वाळवायची, साचलेल्या पाण्यात जंतू वाढले तर तेही तसेच उडणार. उन्हाळ्यात कूलर वापरत असाल तर त्याचं वेगळं, तिथं पाणी पॅडवरनं वाळतं त्यामुळं क्षार पॅडमध्येच राहतात, पॅड दगडासारखं कडक होतं पण हवेत धूळ येत नाही.

साईटवरचा_सिव्हिल
११ जुलै, सायंकाळी ५:३०

आणि ताई आत्ता जुलैत तो लावूच नका. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी हवा खडखडीत कोरडी असते आणि जुलैत सगळं घर ओलं, वर्षातनं दोन टोकं. घरात चारेकशे रुपयाचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं मीटर ठेवा, ४० ते ६० टक्क्यांमध्ये काटा असला की माणसाला बरं, ७० च्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीला बरं. स्वस्त मीटर खोटं पण दाखवतात म्हणून एकदा तपासा: बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाण्यानं नुसतं ओलसर करा, विरघळवायचं नाही, टोपण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के ओलावा तयार होतो. मीटर ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर पाचनं कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून वापरायचा.

पाचगावरोड_रोहाऊस
१३ जुलै, रात्री ९:१५

आकडे घेऊन आलोय. थेंबाच्या किटवर बोअर ४८०. नळाचं पाणी ६०. आणि उत्सुकता म्हणून गच्चीवर पातेलं ठेवून पावसाचं पाणी धरलं, ते पहिल्याच थेंबाला निळं झालं. तिन्ही ग्लास शेजारी ठेवून साबणाचे चार-चार थेंब टाकून हलवले, पावसाच्या ग्लासात वरपर्यंत फेस आणि बोअरच्या ग्लासात दह्यासारखी फुटकी मळी. धाकटी म्हणाली पप्पा हीच मळी आपल्या अंगावर बसते का. म्हटलं हो.

भिंतीचे कागद: छताजवळचा दोन्ही बाजूनं कोरडा. बाहेरच्या मोकळ्या जागेच्या बाजूचा खालचा कागद जरासा दमट. बाथरूमच्या बाजूचा छातीच्या उंचीचा कागद आतनं पूर्ण थेंबांनी भरलेला, नुसता ओघळ. खोलीतला मीटर ८४ दाखवतोय.

साईटवरचा_सिव्हिल
१३ जुलै, रात्री ९:४०

म्हणजे पाऊस नाही. पावसाचं असतं तर बाहेरच्या बाजूचा कागद जास्त ओला निघाला असता आणि वरचा पण. तुमच्या बाथरूमच्या भिंतीत पाणी यायलंय. गिझर त्याच भिंतीवर आहे का? ओलीवर पांढरा जाड थर पण आहे का?

पाचगावरोड_रोहाऊस
१३ जुलै, रात्री ९:५५

गिझर त्याच भिंतीवर. आणि हो, पापुद्रे काढल्यावर खाली पांढरा कुरकुरीत थर होता, मी चुना समजून झाडला.

शिरोली_बॉयलर
१३ जुलै, रात्री १०:१०

गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. दाब वाढला की पाणी सोडायला तो असतो, आत स्प्रिंगवर बसणारी छोटी चकती असते. जड पाण्यात त्या चकतीखाली क्षाराचा खडा अडकतो, मग ती पूर्ण बसत नाही आणि व्हॉल्व्ह कायम ठिबकत राहतो. ठिबकणारं पाणी नळीनं बाहेर काढलेलं नसेल तर टाईलमागं जातं. तीन सेकंदाला एक थेंब धरा, दिवसाला जवळजवळ दीड लिटर होतं, आणि ते पाणी सुकलं की क्षार तिथंच, म्हणून तो पांढरा थर.

फक्त तो व्हॉल्व्ह गळतोय म्हणून बूच मारून बंद करू नका कधीही, गिझर फुटू शकतो. बदलायचाच.

पाचगावरोड_रोहाऊस
१५ जुलै, रात्री ८:२०

प्लंबर येऊन गेला. गिझर उतरवला, मागं टाईल आणि भिंतीच्या मधी सगळं ओलं, व्हॉल्व्हची नळी कुणी जोडलेलीच नव्हती, नुसती मागं लोंबत होती. व्हॉल्व्हमध्ये तांदळाएवढा खडा. व्हॉल्व्ह नवीन बसवला, ३२० रुपये, नळी बाहेर डक्टमध्ये काढली. गिझरच्या आतनं मगभर चुना निघाला, कॉईल पार दगड झालेली, तीही बदलली. आत मॅग्नेशियमची कांडी असते म्हणे गंज धरू नये म्हणून, ती पण निम्मी खाऊन संपलेली होती.

बाहेरच्या बाजूला खिडकीच्या चौकटीखाली एक बारीक फट सापडली, ती पावसाळा झाल्यावर भरतो.

म्हणजे एवढे दिवस मी ज्याला दोन त्रास समजत होतो, त्यातला एक दुसऱ्यातनंच आला होता.

गोकुळशिरगाव_मोटर
१६ जुलै, सकाळी १०:००

भारी काम झालं भावा. आता सॉफ्टनरच्या ऐवजी ते लोहचुंबकाचं बघ की, पाईपला बाहेरनं क्लिप करायचं, मीठ नाही काही नाही. माझ्या मेव्हण्यानं लावलंय, खूश आहे.

शिरोली_बॉयलर
१६ जुलै, दुपारी १२:३०

भावा वाईट वाटून घेऊ नकोस पण मी दोन ठिकाणी ते लावलेलं बघितलंय, आधी आणि नंतर थेंबाच्या किटवर आकडा तोच. कॅल्शियम पाण्यातच राहतं हे तर विकणारेपण मान्य करतात, ते म्हणतात फक्त थर कडक धरत नाही. कुठं धरत नाही कुठं धरतो, खात्रीनं सांगता येईल असं काही माझ्या बघण्यात नाही. साबण मात्र फाटायचा तो फाटतोच. मेव्हण्याला म्हणावं एकदा शॉवरची जाळी काढून बघ सहा महिन्यांनी.

आता पाचगाव दादांचा हिशोब. सॉफ्टनरमधलं रेझिन (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे बारीक मणी) लिटरला साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं. २५ लिटर रेझिन म्हणजे १२५० ग्रॅम. तुमच्या पाण्यात लिटरमागं ०.४८ ग्रॅम, म्हणजे २६०० लिटरला रेझिन थकलं, मग मिठाच्या पाण्यानं धुवायचं, एका वेळेला तीन किलो मीठ. घरात रोज ५०० लिटर गेलं तर पाच दिवसाला एकदा, महिन्याला १८ किलो मीठ. ते खारट पाणी कुठं सोडणार तेही बघा, झाडाला चालत नाही. म्हणून अख्ख्या घराला नको. गिझर आणि वॉशिंग मशिनच्या लाईनला १० लिटरचा छोटा बसवा, रोजचं दीडशे लिटर धरलं तर आठवड्याला एकदा धुवायचा, किलो-सव्वा किलो मिठात भागतं. संडासच्या टाकीला आणि अंगण धुवायला मऊ पाणी कशाला.

सॉफ्टनरचं पाणी आईना प्यायला देऊ नका, बीपी असेल तर जास्तच. तुमच्या आकड्याला लिटरमागं २२० मिलिग्रॅम सोडियम वाढतं.

बंबाची_काकू
१६ जुलै, दुपारी २:१५

जड पाण्यानं मुतखडा होतो म्हणतात ते खरं का रे?

शिरोली_बॉयलर
१६ जुलै, दुपारी ३:००

तसं ठाम सिद्ध नाही काकू. जागतिक आरोग्य संघटनेनं पण हार्डनेसला आरोग्यासाठी म्हणून मर्यादा ठरवलेली नाही. पाणी कमी प्यायलं तर मात्र खड्याचा धोका वाढतो. ज्यांना आधी खडा झालाय त्यांनी डॉक्टरनाच विचारावं.

साईटवरचा_सिव्हिल
१६ जुलै, रात्री ९:००

आता खोलीतल्या ८४ चं बोलू. तुमची खोली दहा बाय बारा, उंची दहा धरली तर आतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी किती असेल? आपल्या पावसाळ्यातल्या हवेत घनमीटरला १८-१९ ग्रॅम, खोली ३४ घनमीटर, म्हणजे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. ८४ चं ६० करायचं तर त्यातलं पावणेदोनशे ग्रॅम काढायचं, एक पेला. आणि मशिनमधनं काढलेले एका धुण्याचे कपडे घरात वाळत घातले की दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. म्हणून विचारतो, कपडे कुठं वाळत घालताय?

पाचगावरोड_रोहाऊस
१६ जुलै, रात्री ९:२०

आईच्या खोलीतच, पंखा तिथं मोठा आहे म्हणून.

साईटवरचा_सिव्हिल
१६ जुलै, रात्री ९:३५

उद्यापासनं गच्चीच्या जिन्यात दोरी बांधा. कपाट भिंतीपासनं अर्धा फूट पुढं ओढा. पावसानं दुपारी उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडा, धो धो चालू असताना उघडून फायदा नाही, बाहेरची हवा तेवढीच ओली. बुरशी कोरड्या ब्रशनं घासू नका, उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या, आणि त्या वेळी आई घरात नको.

पेठेतला_वाडा
१७ जुलै, सकाळी ८:००

आमच्याकडं कपाटात मडक्यात कळीचा चुना ठेवायची पद्धत आहे, तो ओल ओढतो आणि फुगून पीठ होतो, मग बदलायचा. पोरांच्या हाताला लागू देऊ नका आणि पाणी सांडू देऊ नका, भाजतो. पायताणाला खोबरेल तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळून उंचावर ठेवा, बंद प्लास्टिकच्या पिशवीत नको.

बंबाची_काकू
१७ जुलै, सकाळी ८:२०

आणि गुळाची ढेप फ्रिजशेजारी ठेवू नका, पाणी सुटतं. चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नका.

दुधाळी_पूरगल्ली
१७ जुलै, सकाळी ११:४०

पावसाचं पाणी पहिल्या थेंबाला निळं झालं म्हणालात ना, मग ते धरत का नाही? हजार चौरस फूट गच्ची आणि कोल्हापूर शहराचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, वाया जाणारं सोडून सत्तर हजार लिटरच्या वर होतं. साठवायला एवढी टाकी कुणाकडं नाही पण पावसाळ्याचे तीन-चार महिने तरी मशिनला आणि आंघोळीला बोअर बंद ठेवता येईल, आणि जास्तीचं गाळून बोअरला सोडलं तर उन्हाळ्यात बोअरपण जरा हलकं होतं, आमच्या पाहुण्यांच्या मळ्यात झालंय. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्या, गच्चीवरची घाण असते.

पाचगावरोड_रोहाऊस
१८ ऑगस्ट, रात्री १०:०५

महिन्यानं लिहितोय. गच्चीच्या पाईपला जाळी लावून ५०० लिटरच्या दोन टाक्या ठेवल्या, मशिन आणि आंघोळ महिनाभर पावसाच्या पाण्यावर. पावडर निम्मी लागायलीय, टॉवेल मऊ झालेत. दोरी जिन्यात हलवली. खोलीतला मीटर आता ६८ ते ७२, उघडिपीच्या दिवशी ६३ पण बघितला. छातीच्या उंचीचा कागद परत लावला तर आत अजून दव आहे पण ओघळ नाही, वाळायलंय. पुट्टीला हात लावलेला नाही, भिंत उघडी आहे.

डिह्युमिडिफायर घेतला नाही. आई अजून हॉलमध्येच झोपते, ह्या महिन्यात रात्री एकदाही दम्याचं मशिन लावायला लागलं नाही. औषध पण डॉक्टरनी बदललंय, त्यामुळं सगळं भिंतीमुळंच असं मी म्हणत नाही, पण घरात सगळ्यांना मोकळं वाटतंय.

रुईकर_आई
१९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

किती बरं वाटलं वाचून. आईंना सांभाळा. मी पण किट मागवणार होते, सोसायटीत नळाचं किती आणि बोअरचं किती मिसळतात कळत नाही.

पाचगावरोड_रोहाऊस
२६ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४५

शेवटचे आकडे. बोअर आता ४१०, पावसाळ्यानंतर उतरलंय, मेमध्ये परत मोजणार. १० लिटरचा सॉफ्टनर गिझर आणि मशिनच्या लाईनला बसवला, साडेनऊ हजार, त्यातनं येणारं पाणी किटवर दुसऱ्या थेंबाला निळं होतं. गिझर ५५ वर ठेवलाय, जास्त तापवलं की थर जास्त धरतो म्हणून. खिडकीखालची फट भरली. बाथरूमच्या बाजूचा कागद काल काढला, आतनं हाताला नुसता गार लागला, थेंब नाही. तरी रंग फेब्रुवारीतच देणार, दुधाळीकरांचं ऐकून.

रुईकर ताई, किट मागवू नका, माझ्या किटमध्ये अजून तीसेक टेस्ट शिल्लक आहेत. मेसेज करा, रविवारी मंगळवार पेठेत येणार आहे तेव्हा देतो, तुमचं झालं की काकूंकडं पोचवा, त्यांना बंबाचं पाणी बघायचंय.

बंबाची_काकू
२६ ऑक्टोबर, रात्री ८:१०

आण बाळा. विहिरीचं पण बघायचंय, नातू म्हणतोय थेंब मी मोजणार.